आमचा रविवार कोणी पाळला

चैत्र संपत आला की आमच्याकडच्या काळ्या रानाला भेगा पडतात, आणि दुपारच्या वाऱ्याला भाजल्या मातीचा असा काही वास येतो की पंचाहत्तरी ओलांडलेला मी चालता चालता जागीच थांबतो. त्या वासाबरोबर लाल मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, चिवट भाकरी आठवते. कामावर दुपारी ओंजळीत मिळणारी सुकडी, तिचा गोड, कोरडा चुरा आणि त्यात हमखास मिसळलेली धूळ आठवते. बहात्तरच्या दुष्काळाचा तो शेवटचा उन्हाळा होता. त्याने मला दिलेला धक्का अजून ओसरलेला नाही, आणि ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

यंदा तो वास यायला आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेची कच्ची पाने माझ्या हाती पडायला एकच गाठ पडली. स्मरणिकेचा संपादक सुधाकर हा निवृत्त मुख्याध्यापक, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने लिहिले आहे : ‘त्या भीषण दुष्काळातही आपल्या मंडळीने एकही शब्बाथ मोडला नाही.’ मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचले. दुष्काळ पडला तेव्हा हे गृहस्थ पाटी घेऊन पहिली-दुसरीत जात होते. गावात दुसरीच कथा चालते. तिथली म्हातारी माणसे चहा पिताना हसत सांगतात, ‘किरिस्ताव लोकांचा रविवार पोटापुढं हरला.’ दोन्ही कथा खोट्या आहेत, आणि मी हे ऐकीव माहितीवर सांगत नाही. मी तिथे होतो. माझ्या तळहातांना तिथले घट्टे पडले होते.

रविवार, म्हणजे आमचा विसाव्याचा शब्बाथ, काय असे, हे आजच्या मंडळींना समजावून सांगणे कठीण आहे. आमच्या घरी तो शनिवारी दुपारीच सुरू होई. आई दोन दिवसांच्या भाकरी थापून ठेवी. पाण्याचे हंडे सूर्य मावळायच्या आत भरलेले असत. जळण चुलीपाशी रचलेले असे, ते सोमवारसाठी. रविवारी चुलीत विस्तव नाही, सुईत दोरा नाही, बैलाच्या मानेवर जू नाही. माझे वडील शांतवन, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, मंडळीचे मुख्य पंच होते. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदा सायकलीवर येत, प्रभुभोजन देत आणि जात. उरलेले रविवार दादा उपासना चालवीत. अंगात पांढरा कोट, पायांत धुतलेल्या वहाणा, आणि आवाज असा की मागच्या भिंतीला टेकून बसलेला माणूसही सरळ होऊन बसे.

एकदा शनिवारी मला दाढीचा विसर पडला. रविवारी सकाळी मी आरसा खिडकीत ठेवला आणि अर्धा गाल उरकला, तोच दादा दारात आले. ते ओरडले नाहीत. वस्तरा माझ्या हातातून घेतला, पुसला आणि मिटून फळीवर ठेवला. मी म्हणालो, “दादा, निम्मी राहिलीय.”

“सोमवार कुठं पळून जात नाही,” दादा म्हणाले.

मी एका गालाने ख्रिस्ती आणि एका गालाने दरोडेखोर असा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाऊन बसलो. बायकांच्या बाजूने उपासनाभर खुसखुस चालली होती. मला राग आला होता हे खरे, पण त्या रागाच्या तळाशी अभिमानही होता. गावात असा बाप दुसऱ्या कोणाचा होता?

त्या साली प्रवरेच्या वाळूत कमरेइतके झिरे खणले तेव्हा वाटीने पाणी मिळे. कोरडवाहू चार एकरांत आमचे काही उगवले नव्हते, आणि चाळीस एकरवाल्यांचेही उगवले नव्हते. सगळे गाव पाझर तलावाच्या कामावर लोटले. माती खणायची, पाटीत भरायची, डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायची. आठ-नऊ माणसांची एक टोळी, आणि रोजचा ठरलेला मापाचा खड्डा. आठ ख्रिस्ती माणसांची आमची एक टोळी होती. शेजारचा खड्डा रंगनाथ तात्यांच्या टोळीचा. तात्या चांगले बागायतदार. एरवी त्यांच्या बांधावर आम्ही मजुरीला जायचो. आता ते आणि त्यांची बायको ठकूबाई आमच्यासारखीच घामाने काळी झाली होती. दुष्काळाने माणसे सारखी केली असे लोक लिहितात. तेही मला पूर्ण मान्य नाही, पण पाट्या सारख्याच जड होत्या.

कामाला सुट्टी मंगळवारची, म्हणजे बाजाराच्या दिवशी. रविवारी काम चालू. आणि कामावर न दिसणाऱ्या माणसाचे नाव हजेरीतून कापले जाई, कारण त्या जागी नाव लावायला दहा माणसे बांधावर उकिडवी बसलेली असत. नाव गेले की सुकडी गेली, आणि सुकडी गेली की पोरे गेली. इतके ते सरळ होते.

दादा मुकादमाकडे गेले. रविवार सोडा, बदल्यात मंगळवारी काम करतो, असे म्हणाले. मुकादम म्हणाला, “मंगळवारी कामच बंद आसतं, शांतवनराव. कोनाला मोजू? बघतो काय हुतंय ते.” आठवड्याने त्याने निरोप दिला : “करा तुमची प्रार्थना. शनवारी वाईच जादा खना, बाकीचं मी जमवलंय.”

आम्ही शनिवारी दिवस बुडेपर्यंत जादा खणू लागलो. आमच्या हिशेबी तो रविवारचा वाटा झाला. त्या रविवारी देवळात उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. दादांचा आवाज त्या दिवशी थरथरला होता. देवाने मुकादमाचे मन वळवले, असे आम्ही मानले, आणि जे देवाने केले ते कसे केले हे कोणी विचारीत नाही. ‘जमवलंय’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्हा आठ जणांपैकी एकाच्याही ओठांवर आला नाही. अशी चूक आमच्यासारखी माणसेच करू शकतात. नास्तिक माणसाने पहिल्याच दिवशी चौकशी केली असती.

पाच रविवार असे गेले. किती शांत रविवार होते ते! बाहेर पांढरे ऊन पेटलेले, आत शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा, आणि आठवडाभर ठणकणारे खांदे गीत म्हणताना हळूहळू सैल होत जायचे. मला आजही त्या गारव्याची आठवण होते, आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

सहाव्या आठवड्यातला सोमवार. आम्ही कामावर गेलो तर शेजारच्या खड्ड्यात ठकूबाई दिसेनात. दादांनी विचारले, “तात्या, वहिनी कुठायत?”

“पडून हाय घरी. काल ऊन लागलं. बांधावरच कोसळली. राती डोळं फिरवीत हुती.”

“उन्हात जपायला हवं होतं.”

तात्या कुदळीवर हात टेकून उभे राहिले.  मग म्हणाले, “कसं जपावं? आइतवारी दोन खड्डं वढायचं म्हंजी जीव ऱ्हातो का जाग्यावर?”

“दोन कसे?”

“एक आमचा,” तात्या म्हणाले, “आन् एक तुमच्या देवाचा.”

मी पाटी उचलत होतो. ती हातातच राहिली. दादांनी ऐकले की नाही, असे मला क्षणभर वाटले, कारण त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी विचारले, आणि आवाज इतका बारीक होता की मला तो परक्या माणसाचा वाटला, “आम्ही शनिवारी जादा खणतो ना?”

“खनता की. पर त्यानं चौथाई बी भरत न्हाई. तुमची आठ नावं पुकारली की आमीच ‘हजर’ म्हनतो, आन् सांजपतुर तुमचं माप भरून देतो. मुकादमाला ठावं हाय.”

“तुम्हाला कोणी सांगितलं हे करायला?”

तात्यांना त्या प्रश्नाचेच नवल वाटले. “सांगायला कशाला पायजे? तुमचा वार हाय त्यो. आमचा सोमवार आसतो, कुनाचा शनवार आसतो. वार मोडला की घराला बरं न्हाई. तुमी चुलीत इस्तू बी घालीत न्हाई त्या दिशी, हे काय गावाला म्हाईत न्हाई व्हय? म्हनलं, चार आइतवार जातील, पाऊस पडंल.”

ह्या माणसाच्या घरी आम्हाला पाणी वरून ओतून मिळत असे. दादा त्यांच्या अंधश्रद्धांवर उपासनेत तोंडसुख घेत असत, आणि ते तात्यांच्या कानांवर जात असणार, कारण आमच्या गावात काहीच कानाआड राहत नाही. त्याच माणसाने पाच रविवार आमचा शब्बाथ स्वतःच्या बायकोच्या डोक्यावरून वाहून बांधावर टाकला होता. आम्ही तेव्हा गारव्याला बसून विसाव्याबद्दल गात होतो.

 दहा आज्ञांतली चौथी, शब्बाथाची आज्ञा दादांना तोंडपाठ होती, मलाही होती. ती फक्त मला विसावा घे म्हणत नाही. मुलगा, मुलगी, नोकर, गुरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांना ती विसाव्यात घेते. ते शब्द मी लहानपणापासून घडाघडा म्हणत आलो होतो, आणि आमच्या वेशीत परका कोण, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आम्ही स्वतःलाच परके समजत होतो ना!

आज रविवारची उपासना संपली की आमच्या देवळाच्या फाटकाशी हेल्मेट घातलेला माणूस बिर्याणीच्या पिशव्या घेऊन उभा असतो. बोर्डाची परीक्षा किंवा कंपनीची पाळी रविवारी आली की ह्याच मंडळीत निवेदने लिहिली जातात, आणि लिहिली जावीतच. पण त्या फाटकावरच्या माणसाचा रविवार कुठे गेला, हे विचारताना मी कोणाला पाहिलेले नाही. विचारले की मला म्हणतात, “काका, जमाना बदलला.” जमाना बदललेला नाही. आम्ही त्र्याहत्तर साली हेच करीत होतो.

ठकूबाई पडल्या त्या आठवड्यातल्या शनिवारी मुकादमाने तात्यांना सांगितले, “उद्या ठकूबाई दिसली न्हाई तर नाव कापावं लागंल. हप्ता झाला. मी किती झाकू?” ठकूबाईंना अजून भिंत धरल्याशिवाय उभे राहता येत नव्हते.

रविवारी उजाडताना दादा पांढरा कोट घालून बाहेर आले. त्या दिवशी पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी येणार होते. दादांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि खांद्यावर घेतली. मला वाटले, वयोमानाने वार विसरले.

“दादा, आज रविवार.”

“माहीत आहे.”

आई दारात उभी होती. पंचवीस वर्षांत तिने रविवारी दोरा ओवला नव्हता. तिने हंड्यातून तांब्या भरला आणि त्यांच्या हाती दिला. “ऊन व्हायच्या आत उरका,” एवढेच म्हणाली.

मी त्यांच्यामागे धावलो. वाटभर बोलत होतो. पंच आहात, लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणतील, आजवर आम्हाला काय शिकवलेत. दादा चालत राहिले. तलावावर हजेरी सुरू झाली होती. त्यांनी कोट काढला, घडी घालून दगडावर ठेवला आणि तात्यांच्या टोळीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मुकादम वहीतून नावे वाचत होता. “ठकूबाई रंगनाथ?”

“हजर!” मागच्या भिंतीपर्यंत पोहोचणारा तो आवाज.

मुकादमाने मान वर केली. “आयला! ठकूबाईला मिशा कवा फुटल्या?”

दोनशे माणसे हसली. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मग कोणीतरी दादांकडे नीट पाहिले असावे, कारण हसू जसे उठले तसेच कडेकडेने विझत गेले. रविवारी हा माणूस इथे आहे, ह्याचा अर्थ सगळ्या गावाला कळत होता. दादा म्हणाले, “बदली आहे. काम मोजून घ्या. आणि आज आमच्या टोळीच्या नावाला कोणी बोलायचं नाही.”

“आवो, मग तुमची आठ नावं?” मुकादमाने विचारले.

“गैरहजर आहेत ती. गैरहजर लिहा.”

“लिवतो,” मुकादम म्हणाला, “पर नावं ह्या येळंपुरती ठेवतो, फुडल्या आइतवारी कापीन.”

तात्या पुढे आले. “शांतवनराव, काय करताय हे? वार मोडताय तुमचा.”

“तात्या, तो मोडलेलाच होता. मला आत्ता दिसला.”

मी तिथून पळालो. शब्द अगदी बरोबर आहे, पळालो. देवळात जाऊन सर्वांत पुढे बसलो. पाळकसाहेब आले, उपासना झाली, प्रभुभोजन झाले. दादांचे ऐकून साहेबांनी सगळ्यांना थांबवून घेतले. दादा ठकूबाईंचे माप भरून दुपारी आले ते मातीने माखलेले, आणि वहाणा बाहेर काढून अगदी मागे बसले. त्यानंतर मंडळीची सभा झाली. सुधाकर लिहितो की दादांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ पंचपद सोडले. साफ खोटे! दादांची प्रकृती त्या दिवशी दोन माणसांचा खड्डा खणण्याइतकी ठणठणीत होती.

पाळकसाहेब कठोर नव्हते, घाबरलेले होते. शब्बाथ उघड्यावर मोडला गेला, शिवाय दुसऱ्याच्या नावाला हजर म्हटले गेले. मंडळीने काय ते ठरवावे, असे ते म्हणाले. दादा उठले. “माझ्या शब्बाथाचं बोलू नका,” ते म्हणाले, “पाच आठवडे तो ठकूबाईच्या डोक्यावर होता. मी त्याला देवाची कृपा म्हणत होतो. आता मला एवढंच सांगा, पुढच्या रविवारी आपला खड्डा कोण खणणार?”

 उत्तर एकच होते, आपणच, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या शेजारच्या माणसाची चार लेकरे होती. त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली. दादांना पंचपदावरून काढावे असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत, असे पाळकसाहेब म्हणाले.

पहिला हात माझा होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. सुधाकरला खोटा ठरवायला बसलो, आणि लिहिता लिहिता ह्या ओळीशी येऊन अडलो. इतरांच्या कथांतले खोटे दाखवायचे तर माझ्या बावन्न वर्षांच्या गप्प बसण्यालाही दुसरे नाव नाही. तेवीस वर्षांचा होतो, बापाचा अभिमान होता, आणि त्या बापाने दोनशे माणसांत बाईच्या नावाला हजर म्हटले होते. मला शब्बाथ मोडल्याचे दुःख झाले नव्हते. लोक हसले, ह्याचे झाले होते. हात मात्र मी देवाच्या नावाने वर केला. माझा पाहून बाकीचे वर गेले.

पुढे पाऊस पडेपर्यंत मंडळीची उपासना रविवारी उजाडायच्या आत होऊ लागली, आणि ती उरकून माणसे कामावर जाऊ लागली. आपापला खड्डा आपण खणू लागली. ठकूबाई बऱ्या झाल्या, नाव राहिले. दादांना पंचपद कोणी परत दिले नाही, त्यांनीही मागितले नाही. पण हे सगळे नंतर सुचलेले शहाणपण. मला सांगायचा आहे तो लगेच पुढचा रविवार.

त्या रविवारी मी उपासनेला गेलो. हट्टाने गेलो. दादा उजाडतानाच कामावर गेले होते. गीत चालू असताना बायकांच्या बाजूने आई उठली, पदर खोचला आणि बाहेर पडली. तिच्यामागून चार लेकरांचा तो बाप गेला. मग एकेक करीत आणखी गेले. पहिल्यांदा मला वाटले, ही माणसे पाणी प्यायला जात आहेत. बायबलातले दुसरे वचन वाचेपर्यंत देवळात आम्ही चौघेजण उरलो होतो. मी शेवटच्या आशीर्वादापर्यंत ताठ बसून राहिलो. आमच्या टोळीतला एकटा मी त्या दिवशी शब्बाथ पाळणारा.

सोमवारी कामावर गेलो. माझे नाव कापले असणार, हे गृहीत धरून मी बांधावर उकिडव्या बसलेल्यांच्या रांगेकडे निघालो होतो. तात्यांनी हाक मारली.

“आरं, तिकडं कुठं निघालास? नाव हाय तुझं.”

“कसं काय?”

“काल पुकारलं तवा समद्यांच्या नावाला तुझा बाप बोलला. बाकीची मागनं आली. तुझ्या जागी मी बदली म्हनला. तुझा बी वाटा खनून ठेवलाय त्येनं. काठ बघ, कसा दोरी लावल्यावानी हाय.”

मी खड्ड्याच्या काठाशी गेलो. दादा खाली होते, कमरेइतके खोल. त्यांनी कुदळ थांबवली, पण वर पाहिले नाही. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, आणि वर्षानुवर्षे रविवारी जेवताना विचारीत त्याच साध्या सुरात विचारले,

“काल वचन कोणतं घेतलं होतं रे?”

मी आठवू लागलो. मी आशीर्वादापर्यंत बसलो होतो, एकही शब्द सोडला नव्हता, आणि मला काहीही आठवेना.